रत्नागिरीच्या आसपास समुद्रात पोहायला कुठे आणि केव्हा उतरावे

पुण्याहून नोकरीनिमित्त रत्नागिरीत राहायला आलेल्या एका कुटुंबाने विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्यांची दोन मुले, मोठा बारा वर्षांचा आणि धाकटी सात वर्षांची, पुण्यात पोहण्याच्या तलावावर शिकलेली आहेत आणि आता दर रविवारी समुद्रावर जायचे असा त्यांचा हट्ट आहे. शेजाऱ्यांपैकी कोणी भाट्याला जा म्हणतात, कोणी गणपतीपुळ्याला जा म्हणतात, आणि कोणी समुद्रात पाऊलच घालू नका असे बजावतात. यांपैकी खरे कोणाचे, आणि सर्वांत सुरक्षित किनारा कोणता, असा त्यांचा प्रश्न आहे.

मी गेली चोवीस वर्षे या भागातील मुलांना पोहायला शिकवतो. आधी तलावात आणि मग, ज्यांची तयारी झाली आहे त्यांना, समुद्रात. त्या अनुभवावरून सांगतो की तिन्ही शेजारी खरे बोलत आहेत, फक्त प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळी वेळ आहे. एकच पुळण सकाळी आठ वाजता लहान मुलांच्या खेळण्यासारखी असते आणि त्याच दिवशी दुपारी पाच वाजता पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आत ओढून नेते. म्हणून आपण किनाऱ्यांची नावे विचारली असली तरी मी आधी वेळेबद्दल लिहितो, आणि ते जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे बुडून जे मृत्यू होतात त्यांतील बरेचसे निव्वळ वेळ चुकल्यामुळे होतात असे माझे ठाम मत आहे.

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, म्हणजे पाणी खूप चढते आणि तितकेच खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे चढउतार कमी असतो. मुंबईच्या मानाने रत्नागिरीतला चढउतार निम्म्याच्या आसपास असतो, परंतु एवढ्यावरून इथले पाणी निम्मे धोक्याचे आहे असा अर्थ कोणी काढू नये. भरतीची वेळ काढण्याचा कोळी आणि खारवी घरांतून चालत आलेला ठोकताळा असा की तिथीला तीनने गुणावे आणि चारने भागावे. जे येईल ते भरतीचे तास. द्वादशीला बारा त्रिक छत्तीस भागिले चार, म्हणजे नऊ. सकाळी नऊच्या सुमारास एक भरती आणि रात्री नवानंतर दुसरी. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब लागू पडतो. यात तासाभराची चूक होऊ शकते, म्हणून मुलांना घेऊन जाताना भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांवरून नेमकी वेळ पाहावी. पण ठोकताळा तोंडपाठ असला की कॅलेंडरकडे नुसते पाहूनही त्या रविवारी जाण्यात अर्थ आहे की नाही हे घरबसल्या कळते.

आता हे पाणी माणसाला काय करते ते पाहू. भरती चढत असताना पाण्याचा एकंदर कल किनाऱ्याकडे असतो. थकलेला माणूस नुसता तरंगत राहिला तरी बाहेर येण्याची शक्यता बरी असते. ओहोटीत कल आत असतो. शिवाय भरती-ओहोटीच्या सहा तासांत पाणी एकाच वेगाने हलत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात ते संथ असते, आणि तिसऱ्या व चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मे पाणी येते किंवा जाते. म्हणजे ओहोटी लागल्यानंतर दोन ते चार तास हा सर्वांत ओढीचा काळ. उधाणाचा जोरही नेमका पौर्णिमेला किंवा अमावास्येला नव्हे, तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी कमाल असतो.

ही सगळी माहिती एकत्र ठेवली की एक गोष्ट समोर येते, आणि ती मी प्रत्येक पालकाला कागदावर लिहून देतो. द्वितीया, तृतीया आणि चतुर्थी या तिथींना भरती दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान असते. म्हणजे ओहोटीची कमाल ओढ दुपारी साडेचार ते सहा या वेळात येते, उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसतो, आणि सूर्यास्त पाहायला आलेली सगळी गर्दी नेमकी त्याच वेळी पाण्यात असते. दिवाळीत लक्ष्मीपूजनाची अमावास्या झाली की दोन दिवसांनी येणारी भाऊबीज ही द्वितीया. कोकणात पर्यटक लोटतात ते याच दिवसांत. संकष्टी आणि अंगारकीला गणपतीपुळ्याला दर्शनासाठी रांगा लागतात. ती वद्य चतुर्थी. दर्शन आणि जेवण आटोपून भाविक संध्याकाळी समुद्रात उतरतात तेव्हा पाणी वेगाने आत चाललेले असते. गणपतीपुळ्याचा समुद्र वाईट असे जे म्हटले जाते, त्यातला मोठा भाग या योगाचा आहे असे मला वाटते.

याउलट दशमी ते त्रयोदशी या तिथींना भरती सकाळी साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान असते. त्याआधीचे दीड-दोन तास पाणी चढते असते, उधाणाचा जोर अजून सुरू झालेला नसतो, ऊन कोवळे असते, आणि दुपारी सुटणारे खारे वारे अद्याप सुटलेले नसल्याने पाणी पुष्कळदा गुळगुळीत असते. महिन्यातून दोनदा असे चार दिवस मिळतात आणि त्यात एखादा रविवार बहुधा सापडतो. आपल्या कुटुंबासाठी मी हेच दिवस निवडेन. सकाळची एकच अडचण अशी की जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे त्या वेळी चालू असतात. पोहणाऱ्याला त्यांचा त्रास होत नाही, पण हवा भरलेली रबरी ट्यूब किंवा गादी ते पाहता पाहता आत नेतात. म्हणून ट्यूब मुळीच नेऊ नये. लहान मुलीला अंगाला घट्ट बांधलेले लाइफ जॅकेट घालावे.

ऋतूबद्दल थोडक्यात. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचे नाही, गुडघाभरसुद्धा नाही. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय जुने लोक होडी लोटत नाहीत. ज्यांचा जन्म पाण्यात गेला तेच थांबतात तेव्हा आपणही थांबावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज भरकटून मिऱ्याच्या बंधाऱ्यावर येऊन बसले होते. एवढे जहाज उचलून टाकणारे पाणी ज्यांनी पाहिले त्यांना पावसाळी समुद्राबद्दल वेगळे सांगावे लागत नाही. ऑक्टोबरमध्ये वाळू अजून हललेली आणि पाणी गढूळ असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा पोहण्याचा काळ. एप्रिल-मेमध्ये आणखी एक फसवी गोष्ट घडते: इथे वारा नाही, आभाळ स्वच्छ आहे, आणि तरीही हजारो किलोमीटरवर, दक्षिण हिंदी महासागरात उठलेल्या लांब लाटा किनाऱ्यावर येऊन थडकतात. अशा लाटांचा इशारा हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आधी देते. मे महिन्याच्या सुट्टीत निघण्यापूर्वी तो पाहण्याची सवय लावून घ्यावी.

आता किनारे. शहराला सर्वांत जवळचे दोन म्हणजे मांडवी आणि भाट्ये. दोन्हींच्या मध्ये काजळी नदीचे मुख आहे. मांडवीची वाळू काळी असते, कारण तिच्यात इल्मेनाइट हे टायटॅनियमयुक्त जड खनिज मिसळलेले आहे. ती उन्हात लवकर तापते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काळ्या तळामुळे पाण्याची खोली डोळ्यांना कळत नाही. धक्का, खडक, होड्यांची ये-जा आणि वस्तीतून येणारे सांडपाणी यांमुळे मांडवी संध्याकाळी बसायला आणि रत्नदुर्गामागे मावळणारा दिवस पाहायला उत्तम आहे. पोहायला मी तिथे मुलांना नेत नाही. मिरकरवाडा बंदराच्या आसपास डिझेल आणि मासळीची घाण असते, आणि पांढऱ्या समुद्रापासून मिऱ्यापर्यंतची पुळण समुद्राने इतकी खाल्ली आहे की बराचसा किनारा दगडी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा झाला आहे. बंधाऱ्यावर आपटून परतणारी लाट आणि मागून येणारी लाट यांच्या मध्ये सापडलेल्या माणसाला बाहेर पडायला जागाच नसते. हे दोन्ही भाग यादीतून काढून टाकावेत.

भाट्ये हा आपल्यासाठी योग्य किनारा आहे, परंतु त्याचा सगळा भाग नव्हे. सुरूच्या बनासमोरचा मधला पट्टा सपाट आणि घट्ट वाळूचा आहे. पाणी हळूहळू खोल होते आणि चढत्या भरतीत लाट दुरूनच फुटून दमून येते. उत्तरेकडचे, म्हणजे खाडीच्या मुखाकडचे टोक मात्र कोणत्याही तिथीला वर्ज्य समजावे. तिथे नदीचे आणि ओहोटीचे पाणी एकत्र बाहेर पडते, गाळाचे दांडे दर वर्षी जागा बदलतात, आणि कमरेएवढ्या पाण्यातून एक पाऊल पुढे टाकले की माणूस गळ्याएवढ्या पाण्यात जातो. काही वर्षांपूर्वी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी माझ्या दोन चांगल्या पोहणाऱ्या विद्यार्थ्यांना मधल्या पट्ट्यात घेऊन उतरलो होतो. वेळ पाहिली होती, पण गप्पांच्या नादात अर्धा तास अधिक रेंगाळलो, आणि किनाऱ्याकडे नजर टाकली तेव्हा सुरूची ओळखीची झाडे उजवीकडे बरीच दूर गेलेली होती. प्रवाहाने आम्हाला न कळत मुखाच्या दिशेने नेले होते. मुलांनी घाबरून किनाऱ्याकडे हात मारायला सुरुवात केली आणि दोन मिनिटांत त्यांचा दम संपला. पाठीवर तरंगायला लावून, प्रवाहाला आडवे होत होत आम्ही जिथे बाहेर आलो ती जागा उतरलेल्या जागेपासून किती लांब होती ते पाहून माझे पाय थरथरले. चूक संपूर्ण माझी होती. तेव्हापासून मी किनाऱ्यावर दोन खुणा ठरवतो, एक जवळची आणि एक तिच्या मागची, आणि त्या एका रेषेतून हलल्या की सगळ्यांना बाहेर काढतो. आपल्या मोठ्या मुलाला पहिल्याच दिवशी हे शिकवावे. त्याला त्यात गंमतही वाटेल.

उत्तरेला साखरतरचा पूल ओलांडला की काळबादेवीची लांबच लांब पुळण लागते. खाडीकडचे टोक सोडले तर मधला भाग रुंद आहे, गर्दी नसते, आणि ज्यांना पाणी वाचता येते त्यांच्यासाठी तो चांगला आहे. पण गर्दी नसणे म्हणजे मदत नसणे हेही ध्यानात घ्यावे. पहिल्या वर्षी आपण तिथे एकट्याने जाऊ नये. त्याच्या पुढे आरे-वारे. रस्त्यावरून दिसणारे ते दृश्य कोकणातल्या देखण्या दृश्यांपैकी एक आहे आणि म्हणूनच लोक गाडी थांबवून थेट पाण्यात शिरतात. दोन पुळणींच्या मध्ये डोंगराचे टोक समुद्रात घुसले आहे, आणि अशा टोकाच्या कडेने पाणी कायम आत वाहते. वरून पाहणाऱ्याला तिथे लाटा कमी दिसतात म्हणून तीच जागा शांत वाटते. पावसाळ्यात या किनाऱ्याने बळी घेतले आहेत. मी तिथे फक्त पाहायला जातो.

गणपतीपुळे शहरापासून किनाऱ्याच्या रस्त्याने सुमारे २५ किलोमीटर आहे. तिथली पुळण उभ्या उताराची आहे, लाट दुरून न फुटता थेट काठावर आपटते, आणि परतताना पायांखालची वाळू ओढून नेते. उभ्या उताराच्या किनाऱ्यावर भाट्याचा नियम उलटा होतो: ऐन भरतीला लाट सर्वांत जोरात आपटते, त्यामुळे तिथे भरतीची वेळ सोयीची नसते, आणि ओहोटी तर नसतेच नसते. जमेची बाजू अशी की तिथे सूचनाफलक आहेत, गर्दीच्या दिवसांत जीवरक्षक नेमलेले असतात आणि किनाऱ्यावर माणसांचा राबता असतो. जीवरक्षकाने शिट्टी वाजवली तर वाद न घालता बाहेर यावे. दिवसभर तेच पाणी पाहत उभ्या असलेल्या माणसाला जे दिसते ते आपल्याला दिसत नाही. मुलांनी तिथे पाय भिजवावेत, पोहू नये.

दक्षिणेला पावसच्या पुढचे गणेशगुळे आणि पूर्णगडची खाडी ओलांडल्यावर लागणारे गावखडी हे दोन्ही किनारे स्वच्छ आणि एकांताचे आहेत. गणेशगुळ्याला खडक आहेत, आणि खडकांवरची कालवे पाय कापतात. गावखडीला थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, म्हणून वाळूवर गाडी घालू नये आणि कुंपण घातलेल्या जागेपासून दूर राहावे. मुलांना कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला मिळाली तर पोहण्याचे ते विसरूनही जातील.

कोणत्याही किनाऱ्यावर पोहोचल्यावर कपडे बदलण्याआधी दहा मिनिटे उंचावर उभे राहून पाणी पाहावे. फुटणाऱ्या लाटांच्या पांढऱ्या रेषेत जिथे खंड आहे, पाणी गडद आणि सपाट दिसते आणि फेस किंवा गढूळ वाळू आत जाताना दिसते, तिथे परतीचा प्रवाह आहे. लाटांनी काठाशी आणलेले पाणी वाळूच्या दांड्यातील खळग्यातून परत जाते, तोच हा प्रवाह; तो काही मीटर रुंद असतो आणि जोरात असला तर सेकंदाला दोन मीटरपर्यंत वाहतो. ऑलिंपिकमधला जलतरणपटूही जेमतेम त्याच वेगाने पोहतो, म्हणून त्याच्याशी झुंजण्यात अर्थ नाही. खात्री नसेल तर नारळाचे एखादे सोडण पाण्यात फेकावे आणि ते कुठे जाते हे पाहावे. माझी अर्धी शिकवणी त्या सोडणावर चालते. नवखे लोक हमखास याच सपाट जागी उतरतात, कारण तिथे लाट अंगावर येत नाही.

सापडलेच तर पहिले काम म्हणजे पाठीवर तरंगून श्वास ताब्यात आणणे, दुसरे म्हणजे एक हात वर करून मदत मागणे, आणि तिसरे म्हणजे किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाच्या बाहेर पडणे व मग जिथे लाटा फुटत आहेत तिथून तिरपे काठाला येणे. प्रवाह पाण्याखाली खेचत नाही; तो फक्त दूर नेतो, आणि बहुतेक वेळा फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे त्याचा जोर संपतो. काठावरच्या माणसाने मागोमाग उडी घेऊ नये. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. माझ्या पिशवीत नेहमी वीस मीटर दोरी आणि झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन असतो. तो फेकला की माणूस धरून तरंगू शकतो. ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक मुलांनाही पाठ असावेत. समुद्रातील बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४ आहे. बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास चालू नसेल तर ताबडतोब तोंडाने श्वास देऊन छातीवर दाब देणे सुरू करावे. नाकातोंडात पाणी जाऊन खोकत राहिलेले मूल बरे दिसत असले तरी त्याला डॉक्टरांना दाखवावे.

झार, म्हणजे जेलीफिश, पावसाळ्याच्या मागेपुढे काठाला येतात. वाळूत निपचित पडलेल्या झारालाही हात लावू नये. डंख झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवावे, चोळू नये, तंतू चिमट्याने काढावेत. उथळ वाळूत पाकट, म्हणजे काट्याचा चपटा मासा, बसलेले असते. पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालले की ते आधीच निघून जाते. त्याचा काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवल्याने वेदना कमी होते, पण दवाखाना टाळू नये.

तलावात पोहता येणे आणि समुद्रात पोहता येणे यांत फरक आहे, आणि बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मला याचीच अधिक काळजी वाटते. सात वर्षांची मुलगी आपला हात सोडणार नाही. त्याला मात्र आपण पोहणारे आहोत असा विश्वास आहे. तलावात भिंत असते, तळ दिसतो आणि पाणी जागच्या जागी असते. पहिले दोन महिने त्याला छातीच्या वर पाणी येणार नाही इतकेच पोहू द्यावे, तेही काठाला समांतर, आणि त्यात पाच मिनिटे न हलता पाठीवर तरंगण्याचा सराव रोज असावा. मुलीसाठी गुडघाभर पाणी आणि आपल्या हाताच्या अंतरात आपण, एवढे पुरे. दोघांपैकी एका पालकाने पूर्ण वेळ काठावर, मोबाइल खिशात ठेवून, डोके मोजत उभे राहावे.

येत्या पंधरवड्यातील दशमी ते त्रयोदशीचा रविवार कॅलेंडरवर शोधा. तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येत असेल तर तक्त्यात भरतीची वेळ पाहून तिच्या दोन तास आधी भाट्याच्या सुरूबनासमोर या, आणि भरती पूर्ण होण्याच्या सुमारास मुलांना बाहेर काढून घरी न्या.